चाकाची हवा सारखी का जाते? : स्पोकच्या चाकाची गळती शोधताना



आजचा पाठ पुस्तकातला नाही. शाळेच्या पटांगणात स्टँडवर उभ्या असलेल्या मोटरसायकलचा आहे. वाडी-वस्तीवरच्या शाळांत जाणाऱ्या आपल्यासारख्यांचं निम्मं आयुष्य दुचाकीवर जातं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना अजून स्पोकची, म्हणजे तारांची चाकं आहेत. ही चाकं खड्डे चांगली सोसतात, दुरुस्तीही स्वस्तात होते. पण त्यांची एक खोड आहे. पंक्चर काढलं तरी आठ दिवसांत हवा पुन्हा जाते. आणि ती का जाते, हे सहसा कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीचं मागचं चाक तीन आठवड्यांत चार वेळा बसलं. जवळ दिसेल त्या दुकानात पंक्चर काढलं, एकदा नवी ट्यूबही टाकली. चौथ्या वेळी मुलगी मागे बसली होती. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेसाठी तिला तालुक्याला नेत होतो. पुलाच्या अलीकडच्या वळणावर मागचं चाक एकदम डुगडुगलं आणि गाडी आडवी जायला लागली. वेग कमी होता म्हणून पाय टेकवून सावरता आलं. दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही. पण ती सारखी विचारत होती, "बाबा, परवाच तर पंक्चर काढलं होतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिला केंद्रावर सोडायची सोय केली आणि गाडी ढकलत बसस्टँडजवळच्या एका वयस्कर पंक्चरवाल्या चाचांकडे नेली. टायर खोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "सर, मागच्या टायमाला भोक ट्यूबच्या भाईरच्या अंगाला होतं का आतल्या?" मी गप्प. तीनदा पैसे दिले होते, एकदाही बघितलं नव्हतं. चाचा म्हणाले, "भोक बुजवायला कुणीबी बुजवील. ते पाडलं कुणी, ते बघा आधी."

ते कसं बघायचं, हेच आज समजून घेऊ. पंक्चर स्वतः काढा असं माझं म्हणणं नाही. पण दुकानात उभं राहून काय बघायचं आणि काय विचारायचं, एवढं तरी आपल्याला यायला हवं.

आधी चाक समजून घेऊ

स्पोकच्या चाकात मधे हब असतो आणि बाहेर धातूची रिम. दोघांना जोडणाऱ्या तारा म्हणजे स्पोक. आपल्याकडच्या गाड्यांत त्या बहुधा ३६ किंवा ४० असतात. प्रत्येक तारेच्या टोकाला आटे असतात आणि त्यावर रिमच्या बाजूने एक छोटं निपल बसतं. निपल फिरवलं की तार ताणली जाते किंवा सैल होते. चाकाचा आऊट काढणारा कारागीर हेच करत असतो.

आता विचार करा. ३६ तारा म्हणजे रिमला ३६ भोकं, आणि सदतिसावं व्हॉल्व्हचं. अशी रिम हवा धरणार कशी? ती धरतच नाही. हवा धरते फक्त आतली ट्यूब. टायर तिला सांभाळतो, रिम तिला आधार देते. निपलांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून रिमवर एक रबरी पट्टी बसवलेली असते. ही पट्टी स्वस्त असते, दिसत नाही, आणि म्हणूनच कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलांना सांगायला एक गोष्टही आहे. बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेल्या रबरी नळीचा प्रयोग केला आणि १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यांच्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसन यांनी हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा ते फारसं चाललं नाही.

बुडबुडे दिसतात तिथे भोक असतंच असं नाही

आपली पहिली चूक इथेच होते. चाकावर साबणाचं पाणी टाकलं आणि एखाद्या निपलपाशी बुडबुडे आले, की आपण म्हणतो, "स्पोकमधून हवा जातेय." व्हॉल्व्हच्या बुडाशी आले, की म्हणतो, "व्हॉल्व्ह गेला." दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात.

ट्यूबला भोक कुठेही पडलेलं असो, बाहेर पडलेली हवा ट्यूब आणि टायरच्या मधल्या फटीत शिरते. तिथून वाट काढत ती रिमपर्यंत येते आणि जे भोक मोकळं सापडेल तिथून बाहेर पडते. खिळा टायरच्या एका टोकाला घुसलेला असेल आणि बुडबुडे समोरच्या टोकाच्या निपलपाशी दिसतील. म्हणून बाहेरून निपलवर एम-सील लावणं, व्हॉल्व्हच्या बुडाला चिकटपट्टी गुंडाळणं, हे सगळं वाया जातं. हवा दुसऱ्या भोकातून येते, एवढंच.

अपवाद एकच. व्हॉल्व्हच्या नळीच्या तोंडाशी, म्हणजे टोपण काढल्यावर जिथून हवा भरतो तिथे बुडबुडा आला, तर दोष खरोखर तिथलाच असतो.

शोधायची रीत

पहिली पायरी : गळती आहे का, हे ठरवा. सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना हवा मोजा. दोन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. सकाळची मोजणी दुपारच्या मोजणीशी ताडू नका. का, ते गणिताने बघू. दुपारी टायर ४० अंश सेल्सिअस असताना मापकाने ३० पीएसआय दाखवले. मापक वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून आतला खरा दाब ३० अधिक १४.७, म्हणजे ४४.७. हिवाळ्यात पहाटे तापमान १५ अंशांवर आलं. केल्विनमध्ये हे ३१३ वरून २८८ झालं. ४४.७ ला २८८ ने गुणून ३१३ ने भागा, उत्तर ४१ च्या जरा वर येतं. त्यातून १४.७ वजा केले की मापक सुमारे २६.५ दाखवणार. हवा तितकीच आहे, पण आकडा साडेतीनने उतरला. शिवाय रबरातून थोडी हवा मुरतेच, त्यामुळे महिन्याला एखाद-दोन पीएसआय कमी होणं स्वाभाविक आहे. दोन-चार दिवसांत पाच-दहा उतरले, तर मात्र गळती आहे.

दुसरी पायरी : व्हॉल्व्ह तपासा. टोपण काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. पंक्चरवाले बोटाने थुंकी लावतात, ते हेच. थेंब फुगला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यात कचरा अडकलाय. पिन आवळून बघा, नाही थांबलं तर नवी टाका. मग टोपण लावा. टोपण हरवलं तर धूळ आणि चिखल थेट पिनवर बसतो.

तिसरी पायरी : टायर बाहेरून बघा. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला. चाक हाताने हळू फिरवा, पण बोटं चेनपासून लांब. खिळा, काच, बाभळीचा काटा दिसला तर लगेच उपटू नका. भोवती खडूने गोल करा.

चौथी पायरी : टायर खोलण्याआधी खूण करा. व्हॉल्व्ह जिथे आहे तिथे टायरवर खडूची रेघ ओढा. ट्यूब बाहेर काढली की तिच्या डाव्या अंगावरही एक खूण करा. ही दोन सेकंदांची खूण नसेल, तर पुढचा सगळा तपास आंधळा होतो.

पाचवी पायरी : ट्यूबमध्ये ती गोल होईल इतकीच हवा भरा आणि घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत पूर्ण फिरवा. एक भोक सापडलं की थांबू नका. बऱ्याचदा दुसरंही असतं, आणि "परवाच तर काढलं होतं" याचं उत्तर कधी कधी त्या दुसऱ्यात असतं.

सहावी पायरी : ट्यूब खुणेप्रमाणे टायरशेजारी ठेवा, व्हॉल्व्ह रेघेवर, डावं अंग डावीकडे. आता ट्यूबवरचं भोक टायरच्या किंवा रिमच्या कोणत्या जागेसमोर येतं ते बघा.

भोक काय सांगतं?

भोक बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असेल तर गुन्हेगार टायरमध्ये आहे. त्या जागी टायरच्या आतून हात सावकाश फिरवा. हाताऐवजी फडकं फिरवलंत तर जास्त चांगलं, कारण काट्याचं मोडलेलं टोक बाहेरून दिसत नाही पण फडक्याला अडकतं. ते न काढता नवी ट्यूब घातली, तर दुसऱ्या दिवशी नव्या ट्यूबलाही भोक.

भोक आतल्या अंगाला, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रस्त्याचा काही दोष नाही. रबरी पट्टी सरकली असेल, फाटली असेल, एखाद्या तारेचं टोक निपलच्या वर आलं असेल, किंवा रिम आतून गंजून तिचे पापुद्रे निघाले असतील. तारांच्या भोकांतून पाणी आत जातं, म्हणून पावसाळ्यानंतर गंज हमखास बघावा.

शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या, दिसल्या तर ट्यूब चिमटली आहे. हवा कमी असताना खड्ड्यात चाक आपटलं की ट्यूब टायर आणि रिमच्या कडेमध्ये सापडते. टायर बसवताना लिव्हरखाली ट्यूब आली तरी चिमटा बसतो. पंक्चर काढल्यावर तासाभरात पुन्हा हवा गेली, तर आधी हाच संशय घ्यावा.

व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर टायर रिमवर सरकतोय. हवा कमी असली की ब्रेक मारताना टायर किंचित फिरतो, ट्यूबला ओढतो, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो. मग बुडाशी ताण येतो. बाहेरून व्हॉल्व्ह तिरका दिसणं ही याची आधीच मिळालेली सूचना आहे. अशी ट्यूब पॅचने सुधारत नाही, बदलावीच लागते. आणि हवा वेळेवर भरली नाही, तर नवीही तशीच फाटते.

जुन्या पॅचच्या कडेतून बुडबुडे येत असतील तर पॅच नीट बसलेला नाही.

माझ्या चाकात काय निघालं? भोक आतल्या अंगाला. व्हॉल्व्हपासून दोन वितींवर. चाचांनी त्या जागेवरची पट्टी बाजूला केली. एका तारेचं टोक निपलच्या वर तांदळाच्या दाण्याएवढं आलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर एक तार तुटली होती, ती बदलून घेतली होती. नवी तार जराशी लांब निघाली आणि बसवणाऱ्याने टोक घासलं नाही. घरी येऊन जुनी ट्यूब शोधली. तिच्यावरचे दोन पॅच आतल्या अंगालाच, व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर, एकमेकांना जवळजवळ चिकटून. पुरावा माझ्याच घरात पडला होता. चाचांनी कानशीने टोक घासून सपाट केलं, बोट फिरवून खात्री केली, नवी रबरी पट्टी टाकली. त्यानंतर ते चाक असं बसलेलं नाही.

पॅच टिकावा म्हणून

भोकाभोवतीचा भाग पॅचपेक्षा थोडा मोठा असा पॉलिशपेपरने खरवडा आणि पुसून कोरडा करा. सोल्यूशनचा पातळ थर लावा, आणि थांबा. बहुतेक वेळा चूक इथे होते. ओल्या सोल्यूशनवर पॅच ठेवला तर तो धरत नाही. चकाकी जाऊन थर बोटाला नुसता चिकट लागेपर्यंत वाट बघायची, मग पॅच ठेवून मधून कडेकडे जोरात दाबायचा. घाई असेल तर दुकानदाराला आपणच म्हणावं, "सावकाश होऊ द्या, मी बसतो."

ट्यूब परत घालताना ती आकार धरेल इतकी थोडी हवा भरून ठेवा, म्हणजे लिव्हरखाली येत नाही. टायरची कड रिमभोवती सगळीकडे सारखी बसली का, व्हॉल्व्ह सरळ आहे का, ते बघा. मागचं चाक असेल तर ॲक्सलचा नट, चेनचा ताण आणि ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. हवा किती भरायची हे गाडीच्या पुस्तिकेत असतं, बऱ्याच गाड्यांच्या चेनकव्हरवरही छापलेलं असतं. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तो मुद्दाम वाचा.

दोन सल्ले जे हमखास मिळतात

पहिला : "सर, ट्यूबमध्ये लिक्विड टाका, पंक्चरच होणार नाही." चाक फिरतं तेव्हा आतला द्रव बाहेरच्या अंगाकडे फेकला जातो. म्हणून काट्याने बाहेरच्या बाजूला पडलेलं बारीक भोक तो बुजवू शकतो. पण आतल्या अंगाचं, तारेने पाडलेलं भोक कोरडंच राहतं. तिथे लिक्विडचा भरवसा नाही, कारण टोचणारं टोक जागेवरच असतं.

दुसरा : "ट्यूबलेस करून टाका." निपलांवरून आतून सील करून, ट्यूब काढून टाकणारे कारागीर भेटतात. अशा वेळी फक्त सील किती पक्कं आहे एवढं बघून चालत नाही. ट्यूबलेससाठी बनवलेल्या रिमला आतून, टायरची कड जिथे बसते तिथे, एक उंचवटा असतो. हवा गेली तरी तो कड जागेवर धरून ठेवतो. ट्यूबसाठी बनवलेल्या साध्या रिमला सहसा तो नसतो. अशा रिमवर हवा अचानक गेली तर कड मधल्या खोलगट भागात घसरू शकते आणि टायर रिमवरून सुटू शकतो. टायरवर ट्यूबलेस असं छापलेलं असलं म्हणून चाक ट्यूबलेस होत नाही. काही गाड्यांना कंपनीकडूनच ट्यूबलेस स्पोकची चाकं येतात. बीएमडब्ल्यूच्या जीएस गाड्यांत तारा रिमच्या कडेला, हवेच्या पोकळीबाहेर जोडलेल्या असतात, म्हणजे हवेच्या जागी भोकच नसतं. ते चाक वेगळं आणि आपलं वेगळं. मागे लेकरू बसवायचं असेल तर आपल्या चाकावर हा प्रयोग नको.

वर्गात काय करता येईल?

सायकलची जुनी ट्यूब, घमेलं आणि पाणी, इतकंच साहित्य लागतं. तीन ट्यूब घ्या. एकीला बाहेरून, एकीला आतून भोक पाडा आणि तिसरीची व्हॉल्व्ह पिन सैल करा. गट पाडा. सूचना एकच द्या : भोक शोधून थांबायचं नाही, ते कशामुळे पडलं असेल ते सांगायचं. सोल्यूशन मात्र मुलांच्या हाती देऊ नका. त्याला वास असतो आणि ते पेट घेतं.

बुडबुड्यांची फसवणूक दाखवायला एक सोपा प्रयोग आहे. सायकलच्या ट्यूबला बारीक भोक पाडा आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पंप जोडून, पिशवीचं तोंड घट्ट बांधा. पिशवीला भलत्याच जागी सुईने एक टोचा मारा. आता पिशवी पाण्यात बुडवून हळूहळू हवा भरा. बुडबुडे पिशवीच्या भोकातून येतात. मुलांना विचारा, "ट्यूबचं भोक कुठंय?" सगळी मुलं बुडबुड्यांकडे बोट दाखवतात. मग पिशवी उघडायची. त्या वेळचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

हा प्रयोग घेताना मला माझ्या वह्या आठवल्या. सहावीतल्या एका मुलाचा भागाकार सारखा चुकत होता. मी दर वेळी लाल शाईने उत्तर दुरुस्त करून देत होतो, म्हणजे पॅचच लावत होतो. एकदा शेजारी बसवून मोठ्याने सोडवायला सांगितलं, तेव्हा कळलं की त्याला भागाकार येतो. सात आणि आठचे पाढे पक्के नव्हते. चूक भागाकारात दिसत होती, भोक पाढ्यात होतं.

पालकहो, एक विनंती. मुलाला शाळेत सोडायला निघण्याआधी दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघा, व्हॉल्व्ह सरळ आहे का ते बघा. अंगठ्याचा अंदाज मापकाइतका नेमका नसतो, पण बसत चाललेलं चाक तो ओळखतो. आणि पुढच्या वेळी पंक्चर काढायला थांबलात, तर मोबाईल खिशात ठेवून घमेल्याजवळ उभे राहा. मुलगा-मुलगी बरोबर असेल तर त्यांनाही उभं करा. विचारा, "भोक आतल्या अंगाला आहे की बाहेरच्या?"

त्या दिवशी परीक्षा सुटल्यावर मुलीला घ्यायला गेलो, तेव्हा तारेचं घासलेलं टोक कसं होतं हे तिला चाचांच्या दुकानात नेऊन दाखवलं. चाचांनी तिला दुसऱ्या एका जुन्या रिमवर तसंच टोक दाखवून बोट फिरवायला दिलं. आता गाडीवर बसायच्या आधी मागचं चाक तीच दाबून बघते. मला आठवण करावी लागत नाही.